खिळ्याला टांगलेले फ्यूज

पाणी कमी झालं की आमच्या गावात किस्से वाढतात. तलाव खाली जायला लागला की माणसं बबनच्या हॉटेलात जास्त वेळ बसतात, आणि बसली की एकमेकांच्या पाण्याच्या मोटरींवर बोलतात.

प्यायच्या पाण्याची विहीर तलावाच्या पाझरावरच आहे. तलाव आटला की टँकर. म्हणून ठरलं, दर सोमवारी तलावावरच्या सगळ्या मोटरी बंद, आणि ज्याने त्याने स्टार्टरचा फ्यूज काढून हॉटेलात आपल्या नावाच्या खिळ्याला टांगायचा. सरपंचांनी दवंडी दिली, कोणी हललं नाही. मग हमीदचाचांनी आपला फ्यूज गुपचूप टांगला. गावात सगळ्यात मोठी मोसंबीची बाग त्यांची. पुढच्या सोमवारी एक सोडून सगळे खिळे भरले!

रिकामा खिळा विलासचा. बबन त्याला चहा देताना आधी खिळ्याकडे बघायचा, मग त्याच्याकडे. तिसऱ्या सोमवारी विलास कप तसाच ठेवून उठला आणि फ्यूज घेऊन आला.

आणला तो जळका. चाचांनी उलटसुलट करून पाहिला. "विलास, तुझी मोटर याच्यावर चालते? मंग मलाबी शिकव, माझा खर्चा वाचंल."

एकदा मीच टांगायला विसरलो. बायको बचत गटातून तणतणत आली. "समद्या बायका इचारून राह्यल्या, तुमचे मालक आजारी हायेत का म्हणून." मी ताटावरून उठून हॉटेलात पळालो.

यंदा एप्रिलात माझ्या मोसंबीची फळं गळायला लागली. सात वर्षांची बाग, जीव तुटत होता. एका सोमवारी सगळा गाव शहागडला लग्नाला गेला. मी पोटदुखीचं कारण सांगून मागे राहिलो आणि खिशात जास्तीचा फ्यूज घालून भर दुपारी तलावावर गेलो. बघतो तर बाभळीखाली चाचा बसलेले.

"पोट कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"बरं हाय. पाणी किती राह्यलं ते बघायला आल्तो. तुम्ही लग्नाला न्हाई गेले?"

"मीबी पाणीच बघून राह्यलो."

त्यांच्या खिशातून फ्यूजचं पांढरं टोक दिसत होतं. माझ्याही दिसत असणार. मी शेजारी बसलो. ऊन उतरलं तरी दोघांतलं कोणी आधी उठेना.

शेवटी वऱ्हाडाच्या जीपा परत आल्या, तेव्हा चाचा कपडे झटकत उठले.

"पुढच्या सोमवारीबी बराबर ये," ते म्हणाले. "मला इथं एकट्याला सोडू नको."