फॅक्टरीतल्या पाहुण्या

संक्रांतीनंतरचा शुक्रवार, तुर्भ्यातली आमची मसाल्याची फॅक्टरी... आणि आम्ही पॅकिंगच्या बायका डबे खाऊन हळदीकुंकवाला बसलेलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षीचं वाण माझ्याकडून होतं, चहाच्या गाळण्या!

सरकारने ठरवलेला पगार तेव्हा आमच्या हातात निम्माच पडायचा. नवरा मार्केटात हमाली करायचा, तरी भागायचं नाही. म्हणून फॅक्टरी सुटली की मी वाशीला लोकांच्या घरी पोळ्या लाटायचे. कोपरखैरणेला पोचेपर्यंत माझी पिंकी शेजारणीकडे झोपून गेलेली असायची. पोटची पोर, पण जागी कधी दिसायचीच नाही हो...

तर हळदीकुंकू ऐन रंगात, आणि लेबर ऑफिसच्या मॅडम तपासणीला दारात हजर. मॅनेजरची अशी टरकली! म्हणाला, "या कामाला नाहीत मॅडम. पाहुण्या आहेत, शेठाणींनी हळदीकुंकवाला बोलावल्यात."

सगळ्या माना खाली घालून बसल्या. शेजारी बसलेल्या साताऱ्याच्या सुमनताईने मला चिमटाच काढला, "गप ऱ्हा गं, काम जाईल."

पण दारात सवाष्ण उभी आणि माझ्या हातात करंडा... हात थांबतो होय? उठले, मॅडमना हळदीकुंकू लावलं आणि एक गाळणी त्यांच्या हातात ठेवली.

मॅडम हसल्या. "अगंबाई, तुमच्याकडे पाहुणीच वाण लुटते?"

मॅनेजर पडला बाप्या, त्याला काय ठाऊक, पाहुणी वाण घेते, देते ती घरची!

मग मला राहवेना. म्हटलं, "पाहुणी कसली मॅडम, माझी पोर रांगत होती तेव्हापासून इथं मिरची भरतेय." बोलून गेले आणि वाटलं... झालं, गेलं काम. तेवढ्यात सुमनताई उठली, "मी बी हितलीच हाय." मग एकेक करत सगळ्याच उठल्या.

काम कुणाचंच गेलं नाही. मॅडमना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या, पण पूर्ण पगार हातात आला. त्याच महिन्यात मी वाशीच्या पोळ्या सोडल्या.

पहिल्यांदा उजेडी घरी पोचले, तर पिंकी दारात खेळत होती. मला बघून घाबरलीच... "आई, तुला बरं नाही का?"

आज पिंकीच्या घरी हळदीकुंकू आहे. वाण काय द्यायचं, हे मी तिला विचारू दिलंच नाही, गाळण्याच आणल्यात. मॅडम, जिथे असाल तिथे सुखी असा.