शंकासुराला पटलेलं वय

आमच्या साहेबांना ऑफिसात शंकासुर म्हणतात, आणि ते नाव मीच ठेवलंय. शंभरी ओलांडलेल्या माणसांची वयं खरी की खोटी, हे तपासायचं आमचं काम. साहेबांच्या मते म्हातारपण म्हणजे शुद्ध थाप. जन्मनोंद दाखवा, म्हणतील, दुसऱ्या कुणाची असेल. शाळेचा दाखला दाखवा, म्हणतील, मास्तरांनी तारीख ठोकून दिली असेल. माझ्या वाढदिवसाचा केक खातानासुद्धा विचारलं, "नक्की आजच का?" अहो, खा की गप!

परवा एकशे अकरा वर्षांच्या आजींकडे गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो. दार त्यांच्या धाकट्या लेकीनं उघडलं. आपली आई गावात सगळ्यात वयस्क ठरावी म्हणून बिचारी कधीची आमच्या मागे लागली होती. तिनं कागद मांडले. सगळे चोख, आणि म्हणूनच साहेबांचं डोकं फिरलं.

"थोरली बहीण होती का, लहानपणी गेलेली?" त्यांनी आजींना विचारलं. "पुष्कळ घरांत तिचंच नाव पुढच्या मुलीला ठेवतात. मग कागद मेलीचे, आणि वय चिकटतं जितीला!"

"छे हो! मीच थोरली. आईचं पहिलं बाळंतपण," आजी हसल्या.

साहेब लेकीकडे वळले. "तुमचं वय?"

"सत्तावन्न. मी शेंडेफळ," तिनं फोटोकडे बोट दाखवलं. "ही माझी ताई. हिचं लग्नही व्हायचं होतं. ही गेली त्याच वर्षी मी झाले."

"म्हणजे चोपन्नाव्या वर्षी बाळंतपण? कुणाला सांगता! एक तर आईचं वय खोटं, नाहीतर..."

मी पुन्हा फोटोकडे बघितलं. फोटोतल्या पोरीची हनुवटी आणि समोरच्या बाईची हनुवटी एकच होती. लेक म्हणून वाढवलेली ही नात होती, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. आजी पांढऱ्याफटक पडल्या.

"नाहीतर काय, साहेब?" लेकीनं भाबडेपणानं विचारलं.

"वय खोटं आहे माझं," आजी घाईघाईनं म्हणाल्या. "बहीण होती. तुम्ही म्हणालात तस्संच. कागद तिचे."

मघाशी तर पहिलं बाळंतपण म्हणाल्या होत्या! पण हवं तेच ऐकायला मिळाल्यावर आमच्या शंकासुराला कसली शंका? फाईल मिटून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणाले. असा राग आला होता म्हणून सांगू!

लेक रडायलाच लागली. "मला फसवलंस, आई? लोकांना काय तोंड दाखवू मी आता?"

"चुकले गं," म्हणत आजींनी तिचे डोळे पुसायला हात पुढे केला. तिनं तो झटकून टाकला.