मी न पाहिलेलं जपान

माझी नोकरी गेली नव्हती. काँट्रॅक्ट संपलं होतं. या दोन गोष्टींतला फरक मला कळत होता, मला कामाला लावणाऱ्या कन्सल्टन्सीतल्या मुलीला कळत होता, आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या कुणालाही कळत नव्हता. तिथे माणसं दोनच प्रकारची होती: पर्मनंट, आणि 'सध्या घरीच असतो'. माझे बाबा तरुणपणी ज्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, त्याच कारखान्यातून हारतुऱ्यांसह रिटायर झाले. दर सहा महिन्यांनी माणसाच्या गळ्यातलं कार्ड बदलतं, आणि तरी ते माणूस कामाचं असतं, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडत नसे.

पुढचं काँट्रॅक्ट सुरू व्हायला दोनेक महिने होते. मी जेवताना जाहीर केलं, की तोवर अरुणाचलला जाऊन येते, पाठीवर सॅक घेऊन, एकटीच.

आम्ही मूळचे वऱ्हाडातले. बाबा दाराबाहेर इतकं शुद्ध बोलत, की भाजीवाल्यालाही 'आपण' म्हणत. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, की वऱ्हाडी सुरू.

"कंपनी कोनती?" त्यांनी विचारलं.

"कंपनी नाही बाबा. सुट्टी आहे."

"ते नाई विचारून रायलो. संगतीले कोन आहे? कंपनी कोनाची?"

"कुणाचीच नाही."

"म्हनजे तिकडूनई कंपनी नाई, अन् इकडूनई कंपनी नाई." त्यांनी ताटात हात धुतला. आमच्या घरात ही चर्चा संपल्याची खूण होती.

मी सॅक आणली तेव्हा ते तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. उचलून पाहिली. मग म्हणाले, "हमाल पैसे घेऊन ओझं उचलते. तू पदरचे घालून उचलनार." आईने चिवड्याचे दोन डबे त्या ओझ्यात कोंबले. ती नेहमी निर्णयाच्या बाजूने नसायची, प्रवाशाच्या बाजूने असायची.

निघताना बाबा फाटकापर्यंतही आले नाहीत. "लोकायले काय सांगू मी?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "सांगा, फिरायला गेलीये." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना 'सांगा, तुरुंगात गेलीये' असं सुचवलं होतं.

प्रवासाचं फार सांगत नाही. सॅकचे पट्टे खांद्यात रुतले, चिवडा गुवाहाटीच्या आतच संपला. मी प्रत्येक गावात चुकीच्या जीपमध्ये बसले आणि बहुतेक वेळा चुकीच्या जीपनेच मला बऱ्या ठिकाणी नेलं. मी खुशीत होते, अगदी उघडपणे खुशीत. ऑफिसात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून शोधून माझा चेहरा कायमचा संशयी झाला होता. तो त्या डोंगरांत आपोआप सैल झाला.

मोबाइलला तिकडे रेंज नव्हती. त्यामुळे गाव लागलं आणि बूथ दिसला, की मी घरी फोन करायची. आणि नवल असं, की बाबा फोन आईकडे देतच नसत. इतके प्रश्न विचारत! थंडी किती आहे? खायला काय मिळतं? लोक कसे आहेत? मी सांगायची: थंडी कडाक्याची, तिन्ही त्रिकाळ भात, घरं लाकडाची न् बांबूची, दारात बूट काढल्याशिवाय कुणी आत येत नाही. राज्यात शिरायला वेगळा परवाना काढावा लागला. आपल्याकडे अंधार असतो तेव्हा इथे लख्ख उजाडलेलं असतं. एकदा सांगितलं, की काल जमीन जराशी हलली, पण कुणी चहाचा कप खाली ठेवला नाही. प्रत्येक वेळी ते "अस्सं, अस्सं" करत ऐकत. फोन ठेवला, की मला फार बरं वाटायचं. ज्या माणसाने माझ्या नोकरीबद्दल कधी 'पर्मनंट कधी करतील' यापलीकडे प्रश्न विचारला नव्हता, तो माझ्या डोंगरातल्या भाताची चौकशी करत होता.

शेवटच्या फोनला मी म्हटलं, की दिवाळीनंतर लगेच पोचते. बाबांनी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "स्टेशनावरून सीधी घरी नको येजो. कात्रजले आत्याकडे जाजो. मी तिथं येतो."

"का?"

"सांगतो."

आईला काही झालं असणार, या धास्तीने मी अख्खा परतीचा प्रवास नखं खात केला. कात्रजला आत्याने दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "ये बाई, जपानवाली."

मग तिने जे सांगितलं ते असं. मी गेल्यावर दोन दिवसांनी सोसायटीच्या अध्यक्षांनी जिन्यात बाबांना विचारलं, "मुलगी दिसत नाही हल्ली?" बाबा म्हणाले, "बाहेर गेली आहे." वाक्य खरं होतं. पण त्या वर्षांत पुण्यात 'बाहेर' या शब्दाचा एकच अर्थ उरला होता. घराघरातून कुणी ना कुणी 'बाहेर' होतं, आणि 'बाहेर' म्हणजे समुद्रापलीकडे, कंपनीच्या खर्चाने. अध्यक्षांनी बाबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बाबांनी हात सोडवून घेतला नाही.

"कुठे?" हा प्रश्न आल्यावर बाबा म्हणाले, "तिकडे फार थंडी आहे." देश शोधायचं काम मग सोसायटीने अंगावर घेतलं. तळमजल्यावर एक निवृत्त भूगोलाच्या बाई राहत. बाबा माझा फोन आला, की खाली जाऊन एक-एक माहिती पुरवत आणि बाई अनुमान काढत. थंडीवरून त्यांनी निम्मं जग बाद केलं. भात आणि दारातले बूट यांवरून युरोप गेला. परवान्याला त्या व्हिसाच समजल्या. सूर्य लवकर उगवतो हे कळल्यावर बाई खुर्चीतून उठल्या म्हणे: "उगवत्या सूर्याचा देश!" आणि भूकंपानंतर कुणाच्याही मनात शंका उरली नाही.

"अन् बाबांनी 'नाही' म्हटलं नाही?" मी विचारलं.

"तुहा बाप एक अक्षर खोटं बोलला नाई," आत्या अभिमानाने म्हणाली. "ते जपान म्हनले, हा 'अं' म्हनला."

तेवढ्यात बाबा आले. त्यांच्या हातात चाकांची मोठी रिकामी बॅग होती आणि दुसऱ्या हातात कॅम्पातून आणलेल्या परदेशी चॉकलेटांची पिशवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धुराच्या वासाने भरलेल्या माझ्या सॅककडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे याच्यात बसंल का?"

मला हसायला यायला हवं होतं. पण मला संताप आला. जपानचा नाही, अशी चूक काय, कुणाचीही होते. संताप याचा आला, की ते सगळे प्रश्न माझ्यासाठी नव्हते. मी बूथच्या काचेला टेकून हरखून सांगत होते, आणि हा माणूस दुसऱ्यांना पुरवायला माल गोळा करत होता. "तुम्हाला माझी इतकी लाज वाटते?" मी सरळ विचारलं. बाबा चॉकलेटांची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिले.

"रविवारी सोसायटीत फराळाचा कार्यक्रम आहे," ते शेवटी म्हणाले. "तुहा सत्कार ठेवला त्याईनं. अन् भाषन. येवढं होऊ दे बाई. पुढं मी पाहून घेतो."

मी नाही म्हणाले. तीनदा म्हणाले. पण चारचौघांत बापाला खोटं पाडणं माझ्याच्याने होईना, आणि त्यांना ते माहीत होतं. सॅक बॅगेत काही बसेना. शेवटी बॅगेवर आत्या बसली, तेव्हा सॅक बसली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. फळ्यावर अध्यक्षांच्या अक्षरात 'जपानमधील अनुभवकथन. प्रश्न थोडक्यात विचारावेत, उत्तरे आपली आपण देऊ नयेत' असं लिहिलेलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, आई मुद्दाम शेवटच्या रांगेत. अध्यक्षांनी मला शाल आणि नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "फराळ भाषणानंतर आहे, याचं वक्त्यांनी भान ठेवावं."

मी ठरवलं होतं, की बाबांचीच पद्धत वापरायची. देशाचं नाव घ्यायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. मी थंडी सांगितली, भात सांगितला, बूट सांगितले. भूगोलाच्या बाई प्रत्येक मुद्द्यावर शेजारणीकडे बघून मान हलवत होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि घात असा झाला, की मला बोलण्यात गोडी वाटू लागली. मी रस्ता खचल्याचं सांगितलं. जीप अडकली आणि एका आजींनी मला घरी नेलं. चुलीभोवती सगळं घर बसलेलं, मधे मी. माझ्या पायाला लागलेल्या जळवा आजींनी मीठ लावून काढल्या, वर मला हसल्या. समोरचे लोक पुढे सरकून ऐकू लागले. आणि मी विसरले. पार विसरले, की मी जपानात आहे.

"आजींनी मला विचारलं," मी म्हणाले, "अकेला आया? घर में कोई गुस्सा नहीं किया? मी म्हटलं, नहीं आजी, मेरे बाबा को सब मालूम है. वो तो हर फोन पे पूछते हैं कि मैं कहाँ घूम रही हूँ."

भूगोलाच्या बाईंनी हात वर केला.

"एक मिनिट हं. जपानमध्ये हिंदी?"

मी माइक घट्ट धरला. "काही भागात," मी म्हणाले. सगळ्या प्रकरणातलं ते पहिलं शुद्ध खोटं वाक्य, आणि ते माझ्या वाट्याला आलं.

बाबा उठले. मला वाटलं, ते घरी निघून जाणार. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, "अध्यक्ष महोदय" अशी व्यवस्थित सुरुवात केली, आणि पुढे त्यांना शुद्ध काही सुचेना.

"पोरगी जपानले गेलीच नाई. अरुनाचलले गेली होती. एकटी. तिचं काँट्रॅक्ट संपलं होतं, नोकरी नव्हती तेव्हा. तुम्ही जपान म्हनले, मी चूप रायलो. मले लाज वाटली. ते तिकडं सांगून रायली, की बाबाले सारं मालूम आहे म्हनून." इथे त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "चूक माही आहे. तिले काई म्हनू नका."

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं, मनात काहीतरी हिशेब केला आणि माइकवर जाहीर केलं, "हरकत नाही. शाल देशांतर्गत प्रवासालाही चालते."

भूगोलाच्या बाई मात्र दुखावल्या होत्या. फराळाच्या रांगेत त्या मला म्हणाल्या, "पूर्व दिशा बरोबर धरली होती मी. जरा पुढे गेले, इतकंच." मग अनारसा मोडता मोडता बऱ्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, की एकटीने जायला त्यांच्या वयाला परवाना देतात का.

आम्ही घरी आलो. मी कात्रजपासून एक जळजळीत भाषण तयार ठेवलं होतं, ते करायला तोंड उघडलं. बाबा दाराशी चपला काढत होते. माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "रिटायर झाल्यापासून मले कोनी जिन्यात थांबवत नव्हतं. नमस्कार करत अन् चालले जात. हे दोन महिने सारे थांबवत. काय म्हनते पोरगी, म्हनून विचारत. मले बरं वाटे."

माझं भाषण गेलं. मला रडू आलं आणि त्याचा राग आला, म्हणून मी खुर्ची ओढून उगाच मोठा आवाज केला.

बाबा समोर येऊन बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते.

"आता पहिलेपासून सांग," ते म्हणाले. "जीप कुठी अडकली, ते बुढी कोन होती, साऱ्या गावायची नावं सांग. उद्या जिन्यात कोनी थांबवलंच, तर मले नीट सांगता आलं पाहिजे."