आक्का रागीट होती, एवढंच लिहिलं

आक्का, माझी थोरली बहीण, चिडली की ओढ्यापलीकडच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघत. आमच्या नंदिगड्डे गावाची घरं विखुरलेली, मध्ये रान. तिच्या आवाजाला त्याची अडचण नव्हती. मी दहावीत शाळा सोडते म्हणाले तेव्हा तिने दप्तर माझ्या अंगावर फेकलं आणि मला हाताला धरून बस येईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. आज मी शिक्षिका आहे ती त्या रागामुळे.

नवऱ्यावर ती चारचौघांत एकदाच ओरडली. सहा वर्षांची त्यांची लेक सुमी तापाने फणफणलेली, आणि दाजी तिला बसस्टँडच्या बाकावर निजवून पत्ते खेळायला गेलेले. "पोर हाय ती, पिशवी न्हवं!" दाजींना ते लागलं. ते गोव्याला आपल्या आईकडे निघून गेले. दोन वर्षं फिरकले नाहीत आणि मग थेट सुमीचा ताबा मागायला कोर्टात उभे राहिले.

कोर्टाने पाठवलेल्या बाई चौकशीला आल्या. घर पाहिलं, अभ्यासाचं टेबल कुठंय विचारलं. आक्का शेतात होती. "तुमची बहीण रागीट आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी मूर्ख, हसून म्हणाले, "व्हय, रागीट हाय खरी." त्यांनी लिहून घेतलं. कोणावर, कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

निकालात ते आलं. आई तापट, घर जंगलात, शाळा लांब. बापाकडे आजी आहे, शाळा दारात आहे. न्यायाधीशांनी आठ वर्षांच्या सुमीला आत बोलावून विचारलं होतं, "गोव्याची शाळा आवडेल?" पोर "हो" म्हणाली. आईवाचून राहशील का, हे कुणीच विचारलं नाही. सुमी गेली. आक्काला महिन्यातले दोन रविवार मिळाले, तीन-तीन तास. माझं डोकं आजही फिरतं.

मी तिचे पाय धरले. "ऊठ. खोटं बोलली असतीस तर मारलं असतं तुला," एवढंच म्हणाली.

दोन बस बदलून कॅसलरॉक स्टेशन, तिथून गोव्याची रेल्वे. चार वर्षं तिने एक रविवार चुकवला नाही. पुष्कळदा दाजी दारातूनच सांगत, सुमीची शिकवणी आहे. आक्का जिन्यावर तीन तास बसून राही. "माझा येळ हाय. मी उठणार न्हाई." शेजारचे बघत. त्यांच्यातल्याच दोघांनी पुढे साक्ष दिली.

नवा अर्ज झाला. या खेपेला न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी बारा वर्षांच्या सुमीला समोर बसवून तासभर ऐकलं, आणि निकाल फिरला. सुमी घरी आली. लोकांनी देवळात नारळ फोडला.

त्याच आठवड्यात केसांना तेल लावून घेताना सुमी बोलली. तिकडे पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिला वाटलं, आपण मरणार. आजीची भीती. दोन दिवस ती पोटात दुखतंय म्हणून पांघरुणात पडून होती. आक्काचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "मिळाली न्हवं पोर परत? न्याय झाला बघ."

आक्का ओरडली नाही.

"नेली ती आठ वर्साची व्हती," ती म्हणाली. "ती कुठं दिली परत?"