बिनगिअरची गाडी राखणाऱ्या काकू

दादाची अट एकच होती. "मी कोणाच्या मागे बसून येणार नाही. स्वतःला चालवायला मिळणार असेल तर बघ, नाहीतर विषय बंद."

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. एका मोठ्या गॅरेजात दुरुस्त झालेली प्रत्येक मोटारसायकल रस्त्यावर फिरवून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, हे त्याचं काम. गाडी म्हणजे जीव की प्राण. आणि अपघात झाला तो गाडीवर असताना नाहीच. गॅरेजच्या दारात उभा राहून कोणाशी तरी बोलत होता, रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला दिसला नाही. डावा पाय गुडघ्याखालून गेला. मालक भला माणूस, त्याने दादाला बिलाच्या काउंटरवर बसवलं. दादा बसला तो बसलाच. कृत्रिम पायाला त्याने 'पाहुणा' असं नाव ठेवलंय. कुठे बोलावलं की उत्तर ठरलेलं, "आज पाहुण्याला बरं नाहीये." आम्ही हसायचो, आणि त्याच्याशिवाय निघायचो.

मग एकदा माझ्या मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ दिसला. चार जाड चाकांच्या एटीव्ही गाड्या दगडधोंड्यांतून डोंगर चढत होत्या. दादाने तो पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. "ॲक्सिलरेटर अंगठ्यावर आहे होय?" तो म्हणाला. अपघातानंतर गाडीबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तो हातचा जाऊ द्यायला तयार नव्हते. त्याच्या मानगुटीवर बसून होकार मिळवला, आणि होकाराबरोबर ती अट मिळाली.

व्हिडिओतली ती डोंगरवाट आमच्या गावापासून फार लांब, अगदी दुसऱ्या टोकाला. तिकडे आमचं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. तिथे गाड्या भाड्याने देणाऱ्यांना मी फोन लावत सुटले. एक जण म्हणाला, "स्वतःची गाडी आणा, पण बाहेरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो, तो कुठे मिळतो ते मला माहीत नाही." दुसरा म्हणाला, "भावाला मागच्या सीटवर बसवू की मॅडम, आमचा माणूस चालवेल, काळजीच नको." तिसऱ्याला पायाचं सांगितल्यावर तो हळू आवाजात "सॉरी" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मी कोणाच्या मयताला बोलावलं नव्हतं. मला गाडी हवी होती.

चौथा फोन एका बाईंनी उचलला. आवाज भरडा, मागे कसलंतरी घरघरणं चालू. मी एव्हाना वैतागलेली, त्यामुळे नमस्कार-चमत्कार न करता थेट सांगून टाकलं की भावाला एक पाय नाही आणि त्याला स्वतःच चालवायचंय.

"डावा की उजवा?" चपलेबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"डावा."

"मग बरं झालं!"

माझं डोकंच फिरलं. "बरं काय झालं त्यात?"

"अहो ताई, ऐका तरी. गिअर डाव्या पायाने टाकायचा असतो. माझ्याकडे एक बिनगिअरची गाडी आहे, दोन सीटची. तिला डावा पाय लागतच नाही. उजवा गेला असता तर पायाच्या ब्रेकची पंचाईत झाली असती. वजन किती भावाचं?"

मी वजन सांगितलं. इतक्या दिवसांत दादाच्या पायाबद्दल कोणीतरी कामाचं बोललं होतं. घरघर कसली ते मी उगाच विचारलं. "हेल्मेटं वाळवतेय," त्या म्हणाल्या.

या शेडवाल्या काकू. त्यानंतर मी त्यांना इतक्या वेळा फोन केले की माझ्या नवऱ्याला वाटलं, मी तिकडे कायमची राहायला निघाले आहे. काकू कधी कंटाळल्या नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे आणा, घोट्याच्या वर येणारे बूट आणा, डोळ्यांना लावायचा चष्मा इथे मिळेल पण हातमोजे आपापल्या मापाचे असलेले बरे. बाहेरच्यांना नाक्यावर परवाना काढावा लागतो, ओळखपत्र विसरलात तर तिथूनच परत. वाटेतल्या पुलानंतर मोबाइल लागत नाही, आमचा हा तारेचा फोनच काय तो चालतो, घरी आधी सांगून ठेवा. आणि महत्त्वाचं म्हणजे, महिनाअखेरच्या शनिवारनंतर वाट बंद. पाऊसपाण्याने माती मऊ होते, चाकांनी चर पडतात, म्हणून पुढचा मोसम येईपर्यंत कोणालाही सोडत नाहीत.

अधूनमधून त्यांचंही कळत गेलं. त्या गावातल्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होत्या. चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे यांत निम्मं आयुष्य गेलं. त्यांच्या यजमानांनी एका रोपवाटिकेच्या लिलावातून पोती वाहायची जुनी एटीव्ही आणली आणि आणल्या आणल्या कंबर धरून बसले. गाडी दारात उभी. "भंगारात द्यायची तर निदान चालवून तरी देऊ म्हटलं," काकू म्हणाल्या. "बसले, आणि मग उतरावंसंच वाटेना." ज्या वयात बाकीच्या बायका गुडघ्यांना तेल चोळत असतात त्या वयात काकू गाडीवरून डोंगर चढायला लागल्या, आणि मग एकेक गाडी जोडून भाड्याने द्यायला लागल्या. आता काका घरचा स्वयंपाक आणि चहापाणी बघतात आणि काकू गाड्या बघतात. धुलाईघराची सवय मात्र सुटली नाही. प्रत्येक हेल्मेटचं आतलं अस्तर काढून धुतल्याशिवाय त्या ते दुसऱ्याच्या डोक्यावर चढू देत नाहीत.

एवढं सगळं झालं, पण दिवस काही ठरेना. दादा सकाळी हो म्हणायचा, संध्याकाळी पाहुणा आजारी पडायचा. एकदा मी काकूंना नुसतं विचारून ठेवलं, "शेवटच्या शनिवारी फार गर्दी असते का हो?"

"असते. पण सकाळी जमतं."

"बरं काकू, येते मग," म्हणून मी फोन ठेवला.

इथे आमच्या घरची एक खोड सांगायला हवी. आमच्या आईला 'जाते' शब्द चालत नाही, आणि फोनवरचं 'ठेवते'सुद्धा तिला तुटक वाटतं. त्यामुळे निघताना म्हणा, फोन ठेवताना म्हणा, आम्ही भावंडं 'येते' आणि 'येतो' म्हणतो. माझा नवरा लग्नापासून चिडवतो, "येतेस कुठून? फोनमधून?"

शेवटच्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी दादा काउंटरवरून आला, चहा घेतला आणि म्हणाला, "चल." मी काकूंना फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. बुकिंग नाही, काही नाही. पण आज थांबले तर हा माणूस पुढच्या मोसमापर्यंत पुन्हा हो म्हणेल याची काय खात्री? आणि तिथे जाऊन गाडी मिळाली नाही तर तो जन्मात माझ्याबरोबर कुठे येणार नाही, हेही मला दिसत होतं. पहाटे निघालो. गाडी मी चालवली, आणि शेजारी बसून दादाने वाटभर माझ्या प्रत्येक गिअरला नाव ठेवलं. पुलानंतर आमची वाट चुकली. पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

काकूंची शेड म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर, पुढे मोकळं मैदान आणि एका बाजूला कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर हेल्मेटांची अस्तरं चिमटे लावून टांगलेली. आत गर्दी उसळली होती. गाड्या एकामागोमाग बाहेर पडत होत्या आणि भाड्याची शेवटी एकच उरली होती, रुंद सीटची, हिरवी. तिच्यापुढे एका कुटुंबाचा तरणाताठा जावई तावातावाने बोलत होता. त्याच्याबरोबर बायको, मेव्हणे, आणि बाकावर बसलेली त्यांची आजी. "आमच्या आजींना दोन सीटचीच हवी! ही रिकामी उभी आहे सकाळपासून. ज्यांची आहे ते आले का? नाही ना?"

"येणार आहेत," काकू म्हणाल्या. ठेंगण्या, रुंद, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आवाजावरून मी लगेच ओळखलं.

दादाने ती गाडी पाहिली, ते भांडण पाहिलं आणि माझ्या दंडाला हात लावला. "चल, जाऊ परत," तो शांतपणे म्हणाला. तो शांतपणा मला ओरडण्यापेक्षा भारी पडला. आणि तो वळून चालायलाही लागला.

तेवढ्यात काकूंची नजर त्याच्या चालीवर गेली. "आलात का! किती उशीर हो ताई. ही बघा तुमची गाडी."

"आमची? काकू, मी बुकिंग कुठे केलं होतं?"

"तुम्हीच म्हणालात की, शेवटच्या शनिवारी, येते मग."

"अहो, ते मी फोन ठेवायला म्हणाले!"

काकूंना असं हसू फुटलं की काका आतून हातात झारा घेऊन बाहेर आले. "हे बघा," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "मी आगाऊ काही घेत नाही. बघतो म्हणणारा येत नाही. कळवतो म्हणणारा तर नंतर फोनसुद्धा उचलत नाही, हे समोर उभे साहेब 'कळवतो'च म्हणाले होते. येते म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. मग मी गाडी दुसऱ्याला कशी देणार?"

जावई पुटपुटत बाजूला झाला. मी त्या क्षणी मनातल्या मनात आईच्या पाया पडले. ज्या खोडीपायी मी सासरी इतकी वर्षं थट्टा सोसली, तिने माझ्या भावासाठी गाडी धरून ठेवली होती.

दादा गाडीवर बसला. पाय नीट ठेवून घेतला, अंगठ्याने ॲक्सिलरेटर चाचपला. आणि काकू सरळ त्याच्या मागे चढून बसल्या.

"तुम्ही... माझ्या मागे बसणार?" दादाने मान वळवून विचारलं.

"मग काय पुढे बसू? बाहेरून आलेल्या प्रत्येकाबरोबर मैदानात एक फेरी मारते मी. तोंडाने सगळेच चालवतात. मागे बसलं की पाठीवरून कळतं. चला, दादा."

बाजूला धरायला दांडे होते. काकूंनी ते धरले नाहीत, हाताची घडी घातली. गाडी आधी एक गचका देऊन उठली, मग मैदानाच्या कडेने गेली, खड्ड्यापाशी हळू झाली, उतारावर वळली. मी दोरीचा खांब धरून उभी होते. फेरी संपवून काकू उतरल्या. "डावा हात अजून क्लच शोधतोय. तो नाहीये हिला, विसरा. बाकी हात सुरेख आहे. आजवर काय चालवायचात?"

दादाने सांगितलं. लोकांच्या गाड्या तपासायचो, म्हणाला.

"मग माझीही तपासा," काकू म्हणाल्या.

वर जाताना काकू स्वतःच्या गाडीवर पुढे आणि मी त्यांच्या पाठीमागे बसलेली, आमच्या मागून हिरव्या गाडीवर दादा एकटा. झाडांच्या मुळांवरून, सुट्या दगडांवरून, ओढ्याच्या पाण्यातून आम्ही चढलो. मी जीव मुठीत धरून सारखी मागे वळत होते. काकूंनी एकदाही मागे पाहिलं नाही. वर पठारावर पोहोचलो तेव्हा खाली दऱ्याच दऱ्या पसरल्या होत्या, वारा कानात शिरत होता. मला वाटलं, आता दादा काहीतरी बोलेल. बोलला. "काकू, मागचा डावा शॉकअप आवाज करतोय."

"माहितीये. मोसम संपला की काढणारे."

"त्यातला रबरी बुश गेलाय. अख्खा शॉकअप बदलू नका, उगाच खर्च."

मग दोघं चाकापाशी वाकून असे काही बोलत सुटले की समोरच्या दऱ्यांकडे कोणीच बघेना. मी एकटीने त्या बघितल्या आणि भरपूर रडून घेतलं. आनंदाने रडताना वाऱ्याचं निमित्त फार सोयीचं पडतं.

खाली आलो तेव्हा जावयाची मंडळी दुसऱ्या परतलेल्या गाड्या घेऊन वर गेली होती. आजी बाकावरच होत्या, मांडीवर पिशवी घेऊन, गाड्यांचे आवाज ऐकत. काकू त्यांच्याकडे बघत दादाला म्हणाल्या, "दमला नसाल तर यांना पहिल्या वळणापर्यंत फिरवून आणता? मला या सगळ्या गाड्या धुवायच्यात."

दादा गडबडला. "त्यांना सांगा आधी, माझा पाय..."

"तुमचा पाय हो कशाला हवाय त्यांना? आजी, बसता का? हे चांगले चालवतात."

आजींना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. काकूंनी त्यांच्या डोक्यावर धुतलेलं हेल्मेट बसवलं, मी हात दिला, आणि त्या दादाच्या मागे बसून त्याचे दोन्ही खांदे घट्ट धरत्या झाल्या. दादाची पाठ आपोआप ताठ झाली. इतक्या जपून गाडी चालवताना मी त्याला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. माझ्या शाळेच्या दिवसांत मला मागे बसवून तो कसा उडवत न्यायचा, ते मलाच ठाऊक.

परत आल्यावर आजी उतरायलाच तयार होईनात. "उद्या अगदी वरपर्यंत न्याल का हो?"

"उद्यापासून वाट बंद आहे, आजी," दादा म्हणाला. "पुढच्या मोसमात या. मी असेन इथे. वरपर्यंत नेतो तुम्हाला."

पुढच्या मोसमात. काउंटरवर बसल्यापासून दादा पुढच्या आठवड्याचंही कधी बोलला नव्हता.

मी शेडमध्ये गेले आणि काकूंचे दोन्ही हात धरले. आभार मानायचे होते. काकू हात सोडवून घ्यायला लागल्या.

"अहो ताई, सोडा," त्या म्हणाल्या, "ग्रीस आहे हाताला."

मी सोडले नाहीत.