पाचवं घर

देवाचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. भांडण होतं असंही नाही. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या पण एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायांसारखं आमचं होतं. माझी माय मात्र माहूरच्या रेणुकेची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती आमच्या गल्लीतल्या पाच घरी जोगवा मागायची. घरात खायला नव्हतं म्हणून नव्हे, ज्वारी आमच्या कणगीतही होती. पण व्रतच तसं. घरात असो नसो, पाच दारांत उभं राहून हात पसरायचा, पदरात पडेल ते घ्यायचं आणि परडी कधी रिकामी ठेवायची नाही. सातवीत असताना वर्गातल्या पोरांनी मला 'जोगवावाली' म्हणून चिडवलं. त्या दिवशी घरी येऊन मी मायला म्हणाले, "भीक मागायची असंल तर दुसऱ्या गावात जाऊन माग." तिनं चुलीजवळ बसवून मला भाकरी वाढली. ते वाक्य मी विसरले असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं.

मी नर्सिंग केलं. लग्न झालं, चार वर्षांत नवरा अपघातात गेला, आणि सासर-माहेर दोन्हींकडे बघत बसण्यापेक्षा मी कुवेतला निघून गेले. तिथं एका घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायची. तिला कुशीवर वळवताना, तिचे केस विंचरताना माय आठवायची. परक्याच्या आईचे पाय चेपायला मी समुद्र ओलांडून आले होते आणि माझी आई लोह्याजवळच्या खेड्यात एकटीच पाय चोळत बसलेली. तीन वर्षं गावी आले नाही. कुणाकडे रजा मागायची नाही, उसनं मागायचं नाही, कुणाचे उपकार नकोत, असा माझा ताठा होता. हात पसरायचा नाही हेच माझं व्रत.

मग तो आजार आला. म्हातारी पहिल्याच लाटेत गेली, तिच्या मुलांनी मला निरोप दिला, आणि दीड महिना एका खोलीत सहाजणींनी काढल्यावर सरकारच्या खास विमानात नंबर लागला. मुंबईला उतरलो. हातावर शिक्का बसला आणि आम्हा नांदेड-लातूरच्या लोकांना एका बसमध्ये बसवलं. लातूरवाले लातूरला उतरले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, आणि उजाडता उजाडता आमच्या गावचा फाटा आला. फाट्यावरचा लिंब दिसला, त्याखालचं बंद पडलेलं चहाचं टपरं दिसलं. तिथून घर चालत वीस मिनिटं. बस थांबणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी पिशवी मांडीवर घेऊन, चपला नीट घालून बसले होते. फाटा मागे गेला. काचेला गाल लावून तो लिंब दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले.

नांदेडला एका वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. चौदा दिवस दाराबाहेर पडायचं नाही. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर यायचं. काही हवं असेल तर खाली बसलेल्या माणसाला फोन करून मागायचं. बादली, साबण, अंगाला लावायला तेल, साधी उशीसुद्धा मागावी लागे. बाकीचे मागत होते. मी उशीही मागितली नाही. पिशवी उशाला घेऊन झोपले. खिडकीत उभं राहिलं की मुदखेडकडे जाणारी एखादी मालगाडी लांबून ऐकू यायची, आणि मी उगीच हिशोब करायची की या खिडकीपासून आमच्या अंगणापर्यंत चाळीस किलोमीटर. कुवेतहून माय लांब वाटायची ते समजत होतं. इथून तर ती जास्तच लांब वाटू लागली.

कारण माय आजारी होती. हृदय थकलं होतं, त्यात ताप. लोह्याच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. माझा धाकटा भाऊ संतोष तिच्याजवळ. तो म्हणायचा, "ताप हाय म्हणल्यावर गाव लांब राहून राहिलंय. आमच्या सावलीला बी कोणी उभं राहीना." त्यामुळे दोन महिने जोगवा मागितला गेला नव्हता. मायला श्वास पुरत नव्हता, पण तिची काळजी वेगळीच.

"बाई, परडी कोरडी पडली गं," ती फोनवर म्हणाली.

"माय, आधी गोळी घे."

"गोळी घेतली. संतोष म्हणतो, मी मागतो. पर त्याचं न्हाई. माझ्या मागं परडी तुझी हाय. एकडाव तुझ्या तोंडानं माग, मंग मी मोकळी."

मला राग आला. खरं सांगते, तिच्यावरच राग आला. मी इथं कोंडलेली, आणि हिला परडी सुचतेय! पण तिचा आवाज इतका बारीक झाला होता की वाद घालवेना. शुक्रवारी तिचा फोन आला तेव्हा मी सरळ खोटं बोलले. म्हणाले, मी फोनवरूनच पाच घरी जोगवा मागितला, लोक आणून टाकतील.

"खरं?" तिचा आवाज एकदम उजळला. "कोणती पाच घरं गं?"

मी लहानपणची गल्ली डोळ्यांसमोर आणून एकेक नाव सांगत गेले. पाचवं सांगितलं गंगाबाईचं.

"गंगाबाई जाऊन दोन वर्सं झाली, बाई. घराला कुलूप हाय," माय म्हणाली. रागावली नाही. "राहू दे. तू जेवली का?"

मरणाच्या दारातल्या आईशी खोटं बोलले आणि तेही धड जमलं नाही. सातवीतलं ते वाक्य त्या दिवशी जसंच्या तसं कानात वाजलं. जेवण स्टुलावरच निवून गेलं.

रोज सकाळी खालून एक माणूस प्रत्येक खोलीत फोन करून ताप-खोकला विचारायचा. सोनकांबळे सर. जिल्हा परिषदेचे शिक्षक, इथं ड्यूटी लागलेले. वरून मला त्यांचं टक्कल आणि मास्कची दोरी तेवढी दिसे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"मंग आवाज असा कामून येऊन राहिला, ताई?"

मी फोन ठेवणार होते. पण तोंडातून निघून गेलं, "सर, मला एक मागायचं आहे." हे पाच शब्द बोलायला मला छत्तीस वर्षं लागली. मग मात्र बांध फुटला. माय, परडी, खोटी पाच घरं, गंगाबाईचं कुलूप, सगळं रडत रडत सांगितलं. शेवटी त्यांनी गावाचं नाव विचारलं, रजिस्टरची पानं चाळल्याचा आवाज आला.

"अहो, मी तर तिथंच राहतो! पाच वर्सं झाली, तुमच्याच गावच्या शाळेवर हाय मी. भीमनगरात घर बांधलंय." मग म्हणाले, "हे बघा, मी बौद्ध माणूस. देवी, जोगवा, हे आमच्याकडं न्हाई, अन् मी मानतबी न्हाई. पण तुमची माय वाट बघून राहिली, एवढं मला कळतंय. गुरुवारी माझी पाळी संपते. शुक्रवारी सकाळी फोन जवळ ठेवा. परडी मी धरतो, मागायचं तुम्ही."

त्या आठवड्यातला एकेक दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. मी पहिल्यांदाच देवीशी बोलले. नवस बोलायची हिंमत नव्हती. एवढंच म्हणाले, तिला शुक्रवारपर्यंत राहू दे.

शुक्रवारी नऊच्या सुमाराला फोन वाजला. संतोषनं परडी ओट्यावर ठेवली होती. "सॅनिटायझर मारलंय हो परडीवर, तुमच्या देवीला सांगा रागावू नको म्हणून," सर म्हणाले. आणि मग त्यांनी फोनचा आवाज मोठा करून चालायला सुरुवात केली. मी खिडकी लावून घेतली, डोळे मिटले, आणि गाव ऐकू लागले. त्यांच्या चपलांचा फटफट आवाज. कुणाची तरी शेळी. हापशाचा दांडा, तोच, अजून तसाच करकरणारा. तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटत होता ते सगळं कानाला लागून होतं आणि मला बोटभरही पुढं सरकता येत नव्हतं.

"पहिलं दार आलं. बोला, ताई."

मायचा सूर आठवला, तसाच लावला. "उदो गं आई! रेणुकेचा जोगवा वाढा, माय!"

आत कुजबूज झाली. कडी निघाली. एक बाई म्हणाली, "अगं बया, ही तर तिची पोरगी!" सर परडी खाली ठेवून मागे सरकले, आणि दाणे पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दुसरं दार उघडलं. तिसऱ्या घरी बाईनं खिडकीतूनच विचारलं, माय कशी आहे, आणि नातीच्या हातून ज्वारी पाठवली. चौथं दारही उघडलं. पाचवं मात्र काही केल्या मिळेना. एका घरातून "सर, तुम्ही दवाखान्याच्या ड्यूटीवरचे, माफ करा" असं आलं. पुढच्या दोन दारांतून काहीच आलं नाही. गंगाबाईच्या दारावरून जाताना सर "हे कुलूपवालं" एवढंच म्हणाले.

"सर, राहू द्या," मी म्हणाले. "चार झाली."

"पाच म्हणलं होतं न तुमच्या मायनं?" ते चालतच राहिले. चपलांचा आवाज बदलला, माती संपून फरशी लागली असावी. मग ते म्हणाले, "हे पाचवं. मागा."

मी मागितलं. आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "कोण हाय रं?" सरांची आई होती ती. त्यांनी थोडक्यात सांगितलं. म्हातारी म्हणाली, "माझ्या आजीची बी परडी होती. आम्ही ते सोडलं कधीचं, आता न्हाई करत. पर दारात येऊन मागितलं तर दाणे द्यायला काय जातंय?" आणि तिनं सूपभर ज्वारी ओतली. तो आवाज बराच वेळ चालला होता.

सरांनी परडी आमच्या ओट्यावर ठेवली आणि संतोषनं ती मायच्या उशाशी नेली. मग तिचा फोन आला. पुन्हा तोच प्रश्न, कोणती पाच घरं? या वेळी मी खरं सांगितलं. चार गल्लीतली, आणि पाचवं भीमनगरातलं, सोनकांबळे सरांचं. माय चाळीस वर्षं जोगवा मागत होती, पण त्या बाजूला ती कधी गेली नव्हती. का गेली नव्हती हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. ती काय म्हणेल याची मला भीती वाटत होती.

"पाण्याच्या टाकीमागचं घर न ते?" ती म्हणाली. "जवळच होतं की गं. मीच गेले न्हाई." श्वास घ्यायला थांबली. "आता भरली परडी. तू ये सावकाश."

रविवारी सकाळी माय गेली. माझे चौदा दिवस सोमवारी संपत होते. सरांनी घरून फोन करून वरपर्यंत विनंती केली, पण आमच्याच मजल्यावर एकाला आजार निघाला होता, आणि नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. मी खिडकीत उभी राहून चाळीस किलोमीटरकडे बघत होते. भावानं फोनवर तिचा चेहरा दाखवला. सोमवारी मी त्याच फाट्यावर, त्याच लिंबाखाली उतरले. घरी चूल थंड होती. मायच्या अंथरुणाच्या उशाशी परडी होती, काठोकाठ भरलेली.

मायचे दिवस झाल्यावर त्या दाण्यांचं पीठ करून मी भाकरी केल्या. पाच घरांची ज्वारी एकमेकांत अशी मिसळली होती की कुणाची कोणती ते सांगता आलं नसतं. देवीला नैवेद्य दाखवला, मायच्या नावानं एक भाकरी बाजूला ठेवली, आणि उरलेल्या आम्ही दोघा भावंडांनी खाल्ल्या. जेवताना मी पोटभर रडले.

मी एकदा सरांना म्हणाले, तुम्हाला देवीनंच धाडलं. ते हसून म्हणाले, "मला तहसीलदारांनी धाडलं, ताई. ऑर्डर हाय माझ्याकडं." मी वाद घातला नाही. त्यांचंही खरं असेल. मला कळलं ते एवढंच की माय पाच दारांत जाऊन दाणे मागत नव्हती. आपलं एकट्याच्या बळावर काही चालत नाही हे ती आठवड्यातून दोनदा स्वतःला सांगत होती. मला ते शिकायला एक बंद खोली लागली. मायची भेट मला हवी होती, ती मिळाली नाही, आणि ती हुरहूर अजून आहे. पण जे मिळालं ते ओंजळीत मावत नाही.

सगळं आटोपल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी कवड्यांची माळ घातली, परडी घेतली आणि सगळ्यात आधी पाण्याच्या टाकीमागे गेले. दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर उभी राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. कान तापले, पुन्हा सातवीतली झाले. परत फिरावं असं वाटत होतं.

आतून म्हातारीचा आवाज आला, "बोल की गं. फोनवर तर लई चांगली बोलली होतीस."

मी परडी पुढं केली.