निसण्याचा आवाज

मुस्तफाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. साखरेच्या आजारानं. दीड वर्ष झालं. कुणालाच ठाऊक नव्हतं, मुलगी उझमालाही नाही.

पातं एका बाजूनं घासलं की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर उठते. ती अंगठ्याला लागली की पातं उलटायचं, एवढंच धार लावण्याचं मर्म. मुस्तफाला ती खरखर आता लागत नव्हती. तरी बेलापूरच्या एका हॉटेलातल्या सगळ्या सुऱ्यांना धार तोच लावत होता, कारण त्याच्याकडे आज्याचा निसणा होता. गलबतावरून गुजरातेतून आणलेला, काळपट, थराथरांचा दगड. दोन थेंब पाणी पुरायचं. पातं तयार होत आलं की घासण्याचा आवाज बारीक होत जायचा आणि मग जवळजवळ विझायचा. मुस्तफा कानांनी धार लावत होता.

मग संघर्ष नावाचा नवा शेफ आला. येताना कारखान्यात बनलेले दोन दगड घेऊन आला, कडेला नंबर छापलेले.

"चाचा, तुमच्या दगडावर एका सुरीला अर्धा तास. यावर दहा मिनिटं. आणि रोज सारखी धार."

"सारखी म्हंजे चांगली, असं कुठं हाय? माझी धार आठवडा टिकते."

"शेफ, चाचांचं त्या दगडाशी लग्न लागलंय," भांडी घासता घासता बायजाबाई म्हणाली. "सवत कशाला आणताय?"

सगळे हसले. मुस्तफाही हसला. त्यानं नवा दगड पाण्यात भिजवला, पातं फिरवून पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच घरघर. कानाला काहीच कळेना. त्यानं पातं पुसून खाली ठेवलं.

"उद्या दोन सुऱ्या लावतो," तो म्हणाला. "एक तुमच्या दगडावर, एक माझ्या. टोमॅटोवर बघा. माझी सरस निघाली तर माझाच दगड ठेवायचा."

"चालेल. नायतर उद्यापासून हाच."

निसणा बरोबर घेऊन तळवलीला घरी आल्यावर त्यानं उझमाला पैजेचं सांगितलं. बोटांचं सांगितलं नाही. उझमानं मोबाइलवर धार लावण्याचे व्हिडिओ पाहिले. दगड नीट भिजलेला हवा, असं सगळेच सांगत होते. ते सगळे कारखान्याच्या दगडांबद्दल बोलत होते.

सकाळी ती म्हणाली, "अब्बा, निसणा रात्रभर भिजत ठेवलाय. तुमचं काम हलकं."

मुस्तफानं मोरीतल्या बादलीत हात घातला. वरचा थर हातात आला. बाकीचा दगड उभा चिरून तळाशी राहिला. उझमा बादलीकडे बघत राहिली.

"जुना होता गं," तो म्हणाला, आणि तसाच निघाला.

हॉटेलात त्यानं दोन्ही सुऱ्या कारखान्याच्या दगडावर लावल्या. कान निरुपयोगी. मग हात मोजून फिरवले, वीस इकडून, वीस तिकडून. अंदाजानंच अंगठा धारेवर ओढून पाहिला. संघर्षनं सुरी टोमॅटोवर ठेवली. साल दबून फुटली, कापली नाही. दुसरीचंही तेच.

"चाचा, हे काय?"

मुस्तफानं सुरी परत घेतली, पुन्हा अंगठा धारेवर दाबून ओढला. फळीवर लाल पसरत होतं. त्याला वाटलं, टोमॅटो.

"चाचा, रक्त आहे ते. तुमचं."

मुस्तफानं तेव्हा अंगठ्याकडे पाहिलं. संघर्षनं त्याच्या हातातून सुरी हळूच काढून घेतली. बायजाबाईनं नळ बंद केला.

"हात दाखवा कुणाला तरी," संघर्ष खालच्या आवाजात म्हणाला. "सुरीचं काम आता नको, चाचा. मला भीती वाटते."

घरी उझमा फुटलेले थर फेव्हिक्विकनं जोडत बसली होती. भरदुपारी परतलेल्या बापाच्या अंगठ्याला पट्टी पाहिली आणि तिला कळलं.

"माझ्यामुळं गेलं ना काम?"

तो गप्प राहिला असता तर गुपित टिकलं असतं. दुसऱ्या हॉटेलात विचारता आलं असतं. मुलगी तेवढी आयुष्यभर त्या बादलीकडे बघत राहिली असती.

"दगडाचं काय नाय. बोटंच गेलीत माझी. दीड वर्ष."

"उगाच माझी समजूत काढू नका."

त्यानं उजव्या हाताची ती तीन बोटं तिच्यापुढं धरली. तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दाब. कुठलं बोट ते सांगतो."

तो थांबला. भिंतीवर पाल सरकली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली.

"दाब ना बाय," तो म्हणाला.

उझमा केव्हाची दाबत होती. दोन्ही हातांनी.